कॉलेजचा खर्च आणि पुढचा पगार: टॅब्लोतला हा आलेख कसा वाचायचा?

पारिजात (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

लेक अकरावीत आहे. येत्या १ ऑगस्टला कॉमन अ‍ॅप (अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) उघडलं की अर्जांची धांदल सुरू होईल. त्याआधी घरात एकमत व्हावं अशी माझी फार इच्छा आहे. नवऱ्याचं म्हणणं सरळ आहे. रटगर्स हे आमच्या राज्याचं सरकारी विद्यापीठ जवळ आहे, राज्यातल्यांची फी लागते, म्हणजे शिकवणी आणि इतर शुल्क मिळून वर्षाला २० हजार डॉलरच्या आत, मग बाहेर बघायचंच कशाला? लेकीला बॉस्टनला जायचंय. तिच्या यादीतल्या एका खासगी विद्यापीठाचा राहण्याजेवणासकट खर्च वर्षाला ९० हजार डॉलरच्या पुढे आहे. चार वर्षांचा हिशोब निघाला की आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर शांतता पसरते.

मी एका कंपनीत अकाउंट्स बघते. आकडे समोर मांडले की मला बोलायला धीर येतो, म्हणून हे काम मनावर घेतलं. इथल्या केंद्रीय शिक्षण खात्याची 'कॉलेज स्कोअरकार्ड'ची फाइल फुकट मिळते. सहा हजारांहून जास्त संस्था आणि तीन हजारांहून जास्त कॉलम. एक्सेलमध्ये ती नुसती वरखाली करत बसण्यात अर्थ नव्हता, म्हणून आलेख काढायचं सॉफ्टवेअर टॅब्लो पब्लिक उतरवून घेतलं, तेही फुकट आहे.

पगाराचा कॉलम सुरुवातीला मजकूर म्हणून आला, कारण त्यात काही ठिकाणी आकड्याऐवजी 'गोपनीयतेसाठी लपवलं' अशा अर्थाची खूण असते. त्याचा प्रकार बदलून संख्या केला. सरकारी आणि खासगी कॉलेजांची नेट प्राइस (अनुदान, शिष्यवृत्ती वजा जाता उरणारा खर्च) दोन वेगळ्या कॉलमांत आहे, ती एका गणिती फील्डमध्ये जोडली. मुख्यतः चार वर्षांची पदवी देणाऱ्या संस्था तेवढ्या ठेवल्या, नाहीतर केशरचना आणि ब्यूटी पार्लरचे कोर्स शिकवणाऱ्या शाळांचीच गर्दी होत होती. आडव्या अक्षावर सरासरी नेट प्राइस, उभ्या अक्षावर प्रवेशानंतर दहा वर्षांनी असलेली मध्यक कमाई. सरकारी निळे ठिपके, खासगी केशरी.

चित्र बघताक्षणी गुंतवून टाकणारं आहे. ठिपक्यांचा ढग उजवीकडे जाताना थोडासा वर चढतो, पण फारच विस्कळीत. डावीकडे वरच्या कोपऱ्यात, म्हणजे खर्च कमी आणि कमाई भरपूर, तिथे मला कधी न ऐकलेली नावं दिसली: मॅसॅच्युसेट्स मॅरिटाइम, सनी मॅरिटाइम अशी जहाजविद्येची कॉलेजं. फार्मसी आणि नर्सिंगची कॉलेजंही कमाईत खूप वर. उजवीकडे खाली संगीत आणि चित्रकलेच्या संस्था. होबोकेनची स्टीव्हन्स ही तंत्रज्ञान संस्था उजवीकडे आहे, पण खूप वर.

आता अडलंय ते इथे. टॅब्लोने काढलेल्या ट्रेंड लाइनच्या (ठिपक्यांचा एकंदर कल दाखवणाऱ्या रेषेच्या) वरचा ठिपका म्हणजे 'पैसे वसूल' आणि खालचा म्हणजे 'महाग पडलं', असं मी लेकीला सांगू शकते का? दुसरं, पेन स्टेटची सगळी कॅम्पस एकाच आडव्या रेषेत ओळीने उभी आहेत, सगळ्यांची कमाई डॉलरपर्यंत सारखी. असं कसं? तिसरं, रटगर्सची नेट प्राइस इथे दिसते त्यापेक्षा आमच्या शेजाऱ्यांना प्रत्यक्षात बरीच जास्त भरावी लागते आहे. आणि पेनसिल्व्हेनियातलं ग्रोव्ह सिटी कॉलेज, जिथे लेकीची मैत्रीण जाणार आहे, ते मला सापडतच नाही.

जाणकारांनी कृपया सांगावं. रविवारी हा आलेख घरी दाखवायचा आहे.

—

कोयनाकाठ

पारिजातताई, मेहनत घेतलीत, कौतुक वाटलं. मला वाटतं रेषेच्या वर ते चांगलं, हा अर्थ ठीकच आहे. आमचा मुलगा पिट्सबर्गजवळच्या एका साध्या सरकारी कॉलेजातून शिकला, दोन उन्हाळे इंटर्नशिप केली आणि आता उत्तम चाललंय. नाव मोठं असण्यापेक्षा डोक्यावर कर्ज नसणं मला मोलाचं वाटतं. लेकीला शुभेच्छा!

—

आकडेमोड

पारिजात, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूशनल रिसर्च (विद्यापीठाची आकडेवारी ठेवणाऱ्या) विभागात काम करतो. तुम्ही उतरवलेल्या फाइलमधले खर्चाचे आकडे आमच्यासारख्या विभागांनीच वर्षातून तीनदा फॉर्म भरून सरकारला पाठवलेले असतात. त्यामुळे प्रत्येक कॉलममागे कोणती मुलं मोजली आहेत हे मला रोज बघावं लागतं, आणि तुमचं उत्तर नेमकं तिथेच आहे.

तुमचा आडवा अक्ष आणि उभा अक्ष वेगवेगळ्या मुलांबद्दल बोलतात.

नेट प्राइस म्हणजे एकूण खर्चातून अनुदान आणि शिष्यवृत्ती वजा करून उरलेली रक्कम. पण ती मोजताना धरतात फक्त पहिल्यांदाच कॉलेजात आलेली, पूर्णवेळ शिकणारी आणि केंद्र सरकारची मदत मिळालेली मुलं. सरकारी विद्यापीठांत तर त्यातलीही राज्यातली फी भरणारीच. तुमचे शेजारी फाफ्सा (केंद्राच्या मदतीचा अर्ज) भरत नसतील किंवा त्यांना मदत मिळाली नसेल, तर ते या सरासरीत कुठेच नाहीत. रटगर्सचा ठिपका डावीकडे सरकलेला दिसतो तो यामुळे.

उभ्या अक्षावरची मुलं दशकभरापूर्वी किंवा त्याहीआधी तिथे शिरलेली. तीही फक्त केंद्राची मदत घेतलेली. त्यात पदवी पूर्ण केलेली आहेत आणि अर्ध्यात सोडून गेलेलीही आहेत, कारण दहा वर्षं मोजतात ती प्रवेशापासून, पदवीपासून नाही. शिवाय मोजणीच्या वेळी जी अजून शिकत आहेत ती वगळलेली. उत्तम विद्यार्थी डॉक्टरकीला पाठवणारं छोटं कॉलेज या आलेखात साधारण दिसू शकतं, कारण त्याची मुलं तेव्हा एकतर शिकत असतात किंवा नुकती रेसिडेन्सी, म्हणजे कमी पगाराचं रुग्णालयातलं प्रशिक्षण, करत असतात.

हे सांगून मी तुमचा आलेख मोडीत काढत नाहीये. २०१३ मध्ये ओबामांनी कॉलेजांना सरकारी गुणांकन देण्याची योजना जाहीर केली होती. ती मागे पडली आणि सप्टेंबर २०१५ मध्ये गुणांकनाऐवजी हे आकडेच लोकांपुढे ठेवले गेले. मला तो निर्णय आजही फार मोलाचा वाटतो. त्याआधी एखाद्या कॉलेजची मुलं पुढे किती कमावतात हे कॉलेज स्वतः सांगेल तेच खरं मानावं लागे. इथे कमाई करखात्याच्या नोंदींतून येते. म्हणून तर आकडा कोणाचा आहे हे नीट समजून घेणं गरजेचं आहे.

आता तुमच्या घरापुरतं. फाइलमध्ये नेट प्राइस उत्पन्नाच्या पाच गटांनुसार वेगळी दिलेली असते: ३० हजारांपर्यंत, ४८ हजारांपर्यंत, ७५ हजारांपर्यंत, १ लाख १० हजारांपर्यंत, आणि त्यापुढे सगळे. कॉलमांची नावं एनपीटी४१ पासून एनपीटी४५ पर्यंत, सरकारी आणि खासगी वेगळी. दोघं कमावते असाल तर तुम्ही बहुधा शेवटच्या गटात आहात. सरासरीऐवजी तो कॉलम आडव्या अक्षावर टाका, बरेच ठिपके उजवीकडे सरकतील. पण सावध राहा, त्या गटात १ लाख १५ हजारवाले आणि ५ लाखवाले एकत्र आहेत, आणि तिथेही मोजलेत ते केंद्राची मदत, निदान कर्ज तरी, घेतलेलेच. पूर्ण पैसे रोख भरणारी कुटुंबं त्यात येतच नाहीत. तुमच्यासाठी खरा आकडा छापील किमतीच्या जवळ असू शकतो.

म्हणून यादीतली आठ-दहा कॉलेजं ठरली की प्रत्येकाच्या संकेतस्थळावरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर भरा. ऑक्टोबर २०११ पासून तो ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. गुणवत्तेवर मिळणाऱ्या शिष्यवृत्तीसाठी त्या कॉलेजचा 'कॉमन डेटा सेट' (कॉलेजं ठरावीक नमुन्यात जाहीर करतात ती माहिती) शोधा आणि त्यातला एच२ए हा भाग वाचा. गरज नसलेल्या किती मुलांना शिष्यवृत्ती दिली आणि सरासरी किती, हे तिथे दिलेलं असतं. आयव्ही लीगमधली आठही विद्यापीठं गुणवत्तेवर पैसे देत नाहीत, तिथे हा शोध घेऊ नका. हे आकडे एका छोट्या शीटमध्ये भरून टॅब्लोत जोडा, मग आडवा अक्ष तुमचा होईल.

पेन स्टेटचं कोडं सोपं आहे. प्रत्येक कॅम्पसला युनिटआयडी (फाइलमधला संस्थेचा क्रमांक) वेगळा, पण केंद्राच्या मदतीची नोंद ओपीई आयडी या शिक्षण खात्याच्या क्रमांकाच्या पहिल्या सहा अंकांवर होते आणि ते अंक सगळ्या कॅम्पसचे एकच. कमाई त्या सहा अंकांवर मोजून सगळ्यांना सारखी चिकटवलेली आहे. म्हणजे मुख्य कॅम्पस युनिव्हर्सिटी पार्क आणि एखादं छोटं कॅम्पस यांतला फरक ही फाइल तुम्हाला दाखवूच शकत नाही. ती ओळ दिसली की तिथे तुलना थांबवायची.

टॅब्लोत ठिपके कशावरून वेगळे करायचे ते ठरवणाऱ्या 'डिटेल'च्या खणात कॉलेजचं नाव टाकलंय की युनिटआयडी? नाव टाकलं असेल तर बदला. वेस्टमिन्स्टर कॉलेज मिसुरीत आहे आणि पेनसिल्व्हेनियातही. नावावर गट पाडले की टॅब्लो अशा दोघांची बेरीज करून एकच ठिपका दाखवतो.

ग्रोव्ह सिटी आणि मिशिगनमधलं हिल्सडेल केंद्राची मदत घेतच नाहीत. मदत नाही म्हणजे त्या नोंदी नाहीत, म्हणून आलेखावर ठिपकाही नाही. टॅब्लोच्या उजव्या कोपऱ्यात खाली 'इतके नल' (रिकामी मूल्यं) असं लिहिलेलं असतं, त्यावर टिचकी मारली की ती मूल्यं गाळायची की शून्यावर दाखवायची असं विचारतो. गाळाच, पण गाळली कोणती हे एकदा बघून घ्या.

राहिली ट्रेंड लाइन. कोयनाकाठ, कर्जाबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत, पण रेषेबद्दल नाही. पारिजात, एक करून बघा. प्रत्येक कॉलेजच्या एकूण पदव्यांपैकी किती वाटा कोणत्या विषयाचा, याचे कॉलम फाइलमध्ये आहेत. पीसीआयपी११ म्हणजे संगणक, पीसीआयपी१४ म्हणजे इंजिनिअरिंग, पीसीआयपी५१ म्हणजे आरोग्य आणि नर्सिंग वगैरे. तिघांची बेरीज करून ती रंगावर टाका, फिकट ते गडद. सरकारी-खासगीचा रंग काढून तो भेद ठिपक्याच्या आकृतीवर (गोल, चौकोन) किंवा वेगळ्या पॅनलमध्ये न्या. मग रेषेच्या वर कोण आणि खाली कोण ते परत बघा आणि इथे सांगा.

—

पारिजात

आकडेमोड, इतका सविस्तर प्रतिसाद! मनापासून आभार.

रंग बदलले. रेषेच्या वरचे बहुतेक ठिपके गडद आहेत आणि खालचे फिकट! स्टीव्हन्स गडद, न्यूअर्कचं एनजेआयटी गडद. म्हणजे रेषेपासूनचं अंतर मला कॉलेज किती चांगलं ते सांगत नव्हतं, तिथली किती मुलं इंजिनिअर आणि नर्स होतात ते सांगत होतं. पॅनल वेगळे केल्यावर सरकारी कॉलेजांतही तेच दिसलं. नवऱ्याला दाखवलं, तो चहा विसरून बसला होता बघत.

एनपीटी४५ टाकल्यावर रटगर्स खरंच उजवीकडे गेलं, तरी बॉस्टनच्या खूप अलीकडे आहे.

पण आता वेगळाच पेच. लेकीला मानसशास्त्र घ्यायचंय, नाहीतर कॉग्निटिव्ह सायन्स. मग अख्ख्या विद्यापीठाच्या कमाईचा तिला उपयोग काय? तिथले इंजिनिअर तिच्यासाठी आकडा वर ढकलतील आणि आम्ही त्यावर भरवसा ठेवू. विषयानुसार काही बघता येतं का?

आणि एक मनातलं. महाग, नावाजलेल्या ठिकाणी गेल्याने कमाई वाढते की तिथे मुळातच पुढे जाणारी मुलं जातात? हे चित्रातून कळेल का?

—

मोगरा (डॅलस)

मी बराच वेळ नुसती वाचत होते. आमची परिस्थिती वेगळी आहे आणि इथे आमच्यासारखे बरेच असतील, म्हणून लिहिते.

आम्ही एच-वन बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-फोर (त्यावरच्या कुटुंबीयांचा). मुलगा दुसरीपासून इथे शिकतोय, पण ग्रीन कार्डाच्या रांगेत असल्याने त्याला केंद्राची कोणतीही मदत मिळत नाही, ना अनुदान, ना कर्ज. वर दिलंय त्याप्रमाणे दोन्ही अक्षांवर केंद्राची मदत घेतलेलीच मुलं असतील, तर माझा मुलगा आडव्या अक्षावरही नाही आणि उभ्यावरही नाही. पदवी मिळण्याआधी त्याला २१ वर्षं पूर्ण झाली तर त्याला एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जावं लागेल, ती चिंता वेगळीच. शाळेतल्या समुपदेशक बाई फार चांगल्या आहेत, पण हे सगळं त्यांना आम्हीच समजावून सांगतो.

आमच्यासारख्यांनी आडव्या अक्षावर काय टाकायचं?

—

आकडेमोड

मोगराताई, आधी तुमचं. तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात अवघड आहे आणि तुमचं निरीक्षण अचूक आहे.

नेट प्राइसचे सगळे कॉलम बाजूला ठेवा. त्याऐवजी चार कॉलमांची बेरीज करणारं फील्ड बनवा: फी, कॅम्पसवर राहण्याजेवणाचा खर्च, पुस्तकं, इतर खर्च. फीचे दोन कॉलम असतात, राज्यातली आणि राज्याबाहेरची. एच-फोर मुलांना राज्यातली फी लागते की नाही, याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. आपल्या आणि बाहेरच्या राज्यांसाठी कोणता कॉलम घ्यायचा ते त्या त्या विद्यापीठाच्या रेसिडेन्सी (राज्याचा रहिवासी कोण ते ठरवणाऱ्या) विभागाला ईमेल करून लेखी विचारा, मगच ठिपका ठेवा. हा झाला शिष्यवृत्तीआधीचा पूर्ण खर्च, तुमच्यासाठी हाच प्रामाणिक आरंभबिंदू.

मग त्यातून कॉलेजने स्वतःच्या तिजोरीतून दिलेली मदत वजा करायची. केंद्राची मदत नसली तरी कॉलेजची असू शकते. मदत ठरवताना बरीच खासगी कॉलेजं एच-फोरला आंतरराष्ट्रीय विद्यार्थी मानतात. एमआयटी, हार्वर्ड, प्रिन्स्टन, येल, अ‍ॅमहर्स्ट ही आंतरराष्ट्रीय मुलांचीही आर्थिक स्थिती न बघता प्रवेश ठरवतात आणि गरज पूर्ण भागवतात, पण तिथे प्रवेश मिळणं किती कठीण ते तुम्हाला माहीतच आहे. इतर ठिकाणी गुणवत्तेची शिष्यवृत्ती नागरिकत्व न बघता देतात का, हा एकच प्रश्न घेऊन यादी गाळा. उभा अक्ष मात्र तोच ठेवावा लागेल. त्या मुलांसारखा तुमचा मुलगा शिकेल, पण त्याला नोकरीसाठी व्हिसा लागेल, हे चित्राबाहेर लिहून ठेवा.

पारिजात, आता विषयानुसार. स्कोअरकार्डची दुसरी फाइल आहे, 'फील्ड ऑफ स्टडी'. तिच्यात प्रत्येक ओळ म्हणजे एक कॉलेज, एक विषय, एक पदवीपातळी. पातळी ३ म्हणजे बॅचलर्स, तेवढीच ठेवा. विषयाला चार आकडी कोड असतो: सामान्य मानसशास्त्र ४२०१, कॉम्प्युटर सायन्स ११०७, नर्सिंग ५१३८. आणि इथली कमाई पदवी पूर्ण केलेल्यांचीच असते, पदवीनंतर एक वर्ष, चार वर्षं, पाच वर्षं अशी. म्हणजे अर्ध्यात सोडलेल्यांचा घोळ इथे नाही.

करायचं असं. विषय आडवा ठेवा, कमाई उभी, प्रत्येक कॉलेज एक ठिपका. विषयामागे एक अशा ठिपक्यांच्या उभ्या पट्ट्या तयार होतील. मला हा आलेख सगळ्यात जास्त आवडतो. एकाच विद्यापीठातले कॉम्प्युटर सायन्स आणि मानसशास्त्र हे दोन ठिपके शोधा, बऱ्याच ठिकाणी फरक सहज दुपटीचा असतो. मग पट्ट्यांची उंची बघा. नर्सिंगची पट्टी आखूड असते, कारण पगार रुग्णालय आणि राज्यावर ठरतो. वर टोकाला जी कॉलेजं दिसतील त्यांतली बरीच कॅलिफोर्नियातली असतील, तिथे नर्सेसना देशात सर्वांत जास्त पगार मिळतो. कॉम्प्युटर सायन्सची पट्टी लांबलचक, तिथे कॉलेज कोणतं याने मोठा फरक दिसतो. मानसशास्त्राची पट्टी खाली आणि दाटीची.

लेकीला ती पट्टी दाखवताना हे जरूर सांगा की मानसशास्त्रात बॅचलर्सवर थांबणारे आणि पुढे शिकणारे यांच्या वाटा अगदी वेगळ्या असतात, आणि जे मोजणीच्या वेळी शिकत आहेत ते या आकड्यात नाहीत. ठिपका खाली आहे म्हणून तिने विषय सोडावा, असं मला अजिबात वाटत नाही. पण मास्टर्सचे पैसेही लागणार असतील तर बॅचलर्सवर किती घालवायचे, याचा विचार त्या पट्टीवरून नक्की करता येतो. मी माझ्या भाचीबरोबर बसून हेच केलं. तिने विषय बदलला नाही, कॉलेज बदललं.

कॉग्निटिव्ह सायन्सला बहुतेक ठिकाणी आकडा सापडणार नाही. वर्षाला थोडीच मुलं ती पदवी घेतात आणि कमी मुलांची कमाई छापली तर व्यक्ती ओळखू येऊ शकते, म्हणून लपवतात. रिकामी जागा म्हणजे शून्य पगार असं कोणी समजू नये.

जागेचाही परिणाम लक्षात घ्या. सॅन होजे स्टेट वर दिसतं त्यात सिलिकॉन व्हॅलीचा हात मोठा आहे. तिथला पगार तिथल्या घरभाड्यासकट येतो. हवं तर ब्युरो ऑफ इकॉनॉमिक अ‍ॅनालिसिसचे कोणतं राज्य किती महाग याचे निर्देशांक घेऊन कमाईला भागता येतं, पण शिकलेली मुलं कुठे राहतात हे फाइल सांगत नाही, म्हणून मी ते करत नाही.

तुमच्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर आलेखातून मिळणार नाही. त्यावर स्टेसी डेल आणि प्रिन्स्टनचे अ‍ॅलन क्रूगर यांचं २००२ चं काम प्रसिद्ध आहे. त्यांनी तुलना केली ती सारख्याच कॉलेजांत अर्ज केलेल्या आणि स्वीकारल्या गेलेल्या मुलांची: काही जास्त निवडक ठिकाणी गेली, काही कमी निवडक ठिकाणी. पुढची कमाई सरासरीने जवळपास सारखीच निघाली. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मात्र निवडक ठिकाणचा फायदा दिसला. नंतरच्या अभ्यासात कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं, आणि ज्यांचे आईवडील फारसे शिकलेले नाहीत अशी मुलं, यांनाही तो दिसला. तुमची लेक बॉस्टनला प्रवेश मिळवू शकत असेल, तर ती जी मुलगी आहे ती रटगर्सलाही तीच असेल. नवऱ्याच्या बाजूने हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, त्यांना जरूर सांगा.

—

मुठाकाठ (पुणे)

फार कामाचा धागा. माझा मुलगा इथून इंजिनिअरिंग करून एमएससाठी अर्ज करतोय. फील्ड ऑफ स्टडीच्या फाइलमध्ये पातळी ५ म्हणजे मास्टर्स दिसते. ती आम्हाला चालेल का? घरावर कर्ज काढणार आहोत, म्हणून नीट विचारतो. इथे एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या पीडीएफमधून कॉलेजांचा मध्यक पगार काढायची सवय आहे, पण तोही नोकरी लागलेल्यांचाच असतो हे माहीत आहे.

—

आकडेमोड

मुठाकाठ, पातळी ५ मास्टर्सच आहे, पण त्यातही केंद्राची मदत घेतलेलेच. एफ-वनवर आलेला एकही विद्यार्थी त्यात नाही. घरावर कर्ज काढताना त्या आकड्यावर विसंबू नका.

तुमच्यासाठी दुसरी फाइल आहे. अमेरिकेचं श्रम खातं दर तिमाहीला एच-वन बीसाठी कंपन्यांनी भरलेल्या एलसीए (देऊ केलेल्या पगाराची हमी देणाऱ्या) अर्जांची एक्सेल फाइल प्रसिद्ध करतं. कंपनी, पदाचं नाव, शहर आणि देऊ केलेला पगार त्यात असतो. कॉलेज नसतं. टॅब्लोत ती उघडून मुलाच्या शाखेची पदं निवडा, शहरवार मध्यक काढा, आणि खालच्या चतुर्थकाचा आकडा (ज्याच्या खाली पाव पगार येतात तो) वाचा. कर्जाचा हप्ता त्या खालच्या आकड्यातून कर आणि भाडं जाऊन निघतो का, ते बघा. एवढं करूनही ज्यांना लॉटरीत व्हिसा लागला नाही ते या फाइलमध्ये बहुतांशी दिसत नाहीत, तेव्हा भारतात परत येऊन मिळणाऱ्या पगारावरही एक हिशोब वेगळा मांडून ठेवा.

—

पारिजात

रविवारी दाखवलं सगळं. पट्ट्यांचा आलेख लेकीने माऊस हातात घेऊन स्वतःच फिरवला. मानसशास्त्र कायम आहे. बॉस्टनच्या यादीतली दोन नावं तिने स्वतः काढली. जी राहिली त्यांच्या शेजारी एच२एमधून गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीचा आकडा लिहायचा, असं ठरलंय. नवऱ्याने डेल-क्रूगरचा मुद्दा पकडून ठेवलाय, पण निदान दोन ठिकाणी अर्ज करायला तयार झाला.

आता एकच तांत्रिक शंका. उत्पन्नाचे पाचही गट एका ड्रॉपडाउनमधून बदलता येतील का? बहिणीचं घर वेगळ्या गटात आहे, तिलाही हीच फाइल पाठवायची आहे.

—

आकडेमोड

येतील. पॅरामीटर (बघणाऱ्याला बदलता येणारं मूल्य) बनवा, प्रकार पूर्णांक, यादीत १ ते ५, प्रत्येकाला उत्पन्नाच्या गटाचं नाव द्या. मग गणिती फील्डमध्ये केस (पर्यायानुसार कॉलम निवडणारं सूत्र) लिहा: पॅरामीटर १ असेल तर आयएफनल घालून एनपीटी४१चा सरकारी कॉलम, तो रिकामा असेल तर खासगी, असं पाचपर्यंत. ते फील्ड आडव्या अक्षावर टाका आणि पॅरामीटरवर उजवी टिचकी मारून तो दाखवा. अक्षाची कमाल मर्यादा पक्की करा, नाहीतर गट बदलला की अक्षच ताणला जाईल आणि ठिपके किती सरकले ते दिसणार नाही. बहिणीला पाठवण्याआधी टूलटिपमध्ये (ठिपक्यावर माऊस नेला की दिसणाऱ्या चौकटीत) 'फक्त केंद्राची मदत घेतलेले विद्यार्थी' ही ओळ घाला.